सानगडीच्या वाटेवर, थांबत थांबत

नागपूरच्या सायकलवाल्यांना अलीकडे किलोमीटरची भूक लागली आहे. पहाटे पाचला वर्धा रोडवर उभं राहा, हेल्मेट घातलेली माणसं माना खाली घालून सूं करून जाताना दिसतील. एखाद्याला विचारलंत तर उत्तर ठरलेलं, ब्रेव्हेची तयारी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाची, म्हणजे १९०४ साली स्थापन झालेल्या संस्थेची ही परीक्षापद्धत आता आपल्या उमरेड-सावनेरपर्यंत आली आहे. त्यात नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पुरी केली. मग काय, ज्यांनी कधी भाजी आणायला सायकल काढली नव्हती त्यांनीही लाख-दीड लाखाच्या सायकली घेतल्या.

या मंडळींबद्दल मला आदर आहे. फक्त त्यांच्याबरोबर बोलता येत नाही. पुढच्याचं मागचं चाक आणि हँडलवरचा आकडा, एवढंच त्यांचं जग. म्हणून आमच्या क्लबात वर्षातून एक राइड अशी असते की जिथं हँडलवरचे आकडे झाकून ठेवायचे. दिवाळीनंतर, धान कापणीच्या दिवसांत. नियम एकच : जो सगळ्यात हळू चालवतो त्याच्या वेगानं सगळ्यांनी चालवायचं. ही काही आमची कल्पना नव्हे. इंग्लंडात १८७८ साली सायकलवरून भटकणाऱ्यांचा क्लब निघाला तेव्हाही लोक रविवारी गावाबाहेर जात, कुठल्या तरी खाणावळीत जेवत, गप्पा मारत परत येत. शर्यत हा सायकलीचा एक उपयोग झाला, चार लोकांनी मिळून गावोगाव हिंडणं हा दुसरा. मला विचाराल तर दुसरा वरचा.

यंदा सानगडी ठरलं. भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यात. सुचवलं बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं त्यांनी त्याच भागात काढली होती. तरुण पोरांनी लगेच मोबाइल काढून अंतर मोजलं आणि तोंडं वाकडी केली. साकोलीहून सानगडी म्हणजे यांच्यासाठी तासाभराचं काम. मग तडजोड निघाली : सानगडी करून पुढं नवेगाव बांधला जायचं, तलाव बघायचा आणि परत.

नागपूर ते साकोली शंभर किलोमीटरच्या आसपास. तो सगळा मुंबई-कोलकाता महामार्ग, ट्रकांचा. तिथं सायकल चालवण्यात मजा नाही, म्हणून सायकली टेम्पोत टाकून साकोली गाठली. चौकात पोहे झाले. पोह्यांवर तर्री मागून घेतल्याशिवाय डॉक्टरीणबाईंचा पाय पेडलवर पडत नाही. सगळ्या क्लबाला कोलेस्टेरॉलवर व्याख्यानं देणाऱ्या त्याच.

महामार्ग सोडून दक्षिणेचा रस्ता धरला आणि पाच-दहा मिनिटांत आवाज संपले. दोन्हीकडे धान. पण हे पंजाबच्या गव्हासारखं एकसलग पसरलेलं पीक नव्हे. जमिनीच्या उतारानं एकेक बांधी, कुणाची आंगणाएवढी, कुणाची शाळेच्या मैदानाएवढी, प्रत्येकीला धुरा, आणि धुऱ्यावर तुरीची ओळ. तुरीला पिवळा फुलोरा आलेला. हलका धान कापून झाला होता, भारी धान अजून उभा होता. त्यामुळे एका बांधीत नुसते खुंट, शेजारच्या बांधीत लोंब्या मान टाकून उभ्या आणि तिसऱ्यात पेंढ्या बांधणाऱ्या बाया. काही ठिकाणी खुंटांतून लाखोरीची कोवळी हिरवी पानं वर आलेली. धान कापायच्या आधीच, पायाखाली ओल असताना, लाखोरी नुसती फेकून देतात. नांगरट नाही, काही नाही. कित्येक दशकं या डाळीच्या विक्रीवर बंदी होती, पायांना लुळेपणा येतो म्हणून. इथल्या लोकांनी ती पेरणं काही सोडलं नाही आणि खाणंही नाही.

रस्त्याचा अर्धा भाग धानाचा होता. हे शब्दशः. डांबरावर धान वाळत घातलेला, कडेनं दगड आणि वाळक्या फांद्या लावून हद्द आखलेली, आणि एखादी म्हातारी पायानं त्यात सऱ्या पाडत फिरतेय. आम्ही रांग करून उरलेल्या अर्ध्या रस्त्यानं चाललो. एका ठिकाणी काकांनी सायकल उभी केली आणि पोत्यावर बसलेल्या शेतकऱ्याला विचारलं, कोणता धान? तो म्हणाला, “एचएमटी जी. दुसरा कोनता लावनार?”

एचएमटीची गोष्ट क्लबातल्या अर्ध्यांना ठाऊक नव्हती. नांदेड म्हटलं की मराठवाड्यातलं शहर आठवतं, पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे नावाच्या अल्पभूधारक शेतकऱ्यानं १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या बाजूला ठेवल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून बारीक, चविष्ट तांदळाचं वाण उभं राहिलं. त्या वेळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ ही मोठी गोष्ट होती, म्हणून वाणाला नाव तेच पडलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. त्यांच्या वाणानं कितीजणांची घरं बांधून दिली, त्यांना स्वतःला मात्र हलाखी सुटली नाही. काकांनी हे सांगितलं तेव्हा शेतकरी मान हलवत होता. मग त्यानं आमच्या सायकलींकडे पाहून विचारलं, “काहून जी, याचे पैसे भेटतेत का तुमाले?” नाही म्हटल्यावर त्याला आमची जरा कीवच आली असावी. त्यानं पाण्याचा गडवा पुढं केला.

पुढं बाभळीच्या काट्यानं कॉलेजातल्या एका मुलीचं पुढचं चाक बसलं. आमच्याकडे सुटी ट्यूब होती, पाच मिनिटांचं काम. पण समोरच रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याला करू द्या. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर पत्रा, तारेला लटकलेले जुने टायर, आणि घमेल्यात गढूळ पाणी. मिस्त्रीनं टायर हातानंच सोडवला, लिव्हर घेतलाच नाही. ट्यूब बाहेर काढली आणि थबकला. आमच्या सायकलींचा व्हॉल्व्ह बारीक, वर छोटी पितळी चावी असलेला. “हा वॉल तं काडीएवढा आहे जी!” त्यानं तो दोन बोटांत फिरवून पाहिला, चावी सैल केली, दाबली, फुस्स झाल्यावर हसला. मग ट्यूब पाण्यात बुडवून इंच-इंच पुढं सरकवत गेला. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिथं अंगठा ठेवला, फडक्यानं पुसलं, कानशीनं घासलं, सोल्युशन लावून फुंकर मारली, आणि ते सुकेपर्यंत जुन्या ट्यूबमधून कात्रीनं गोल तुकडा कापला. दुकानातलं तयार पॅच त्यानं वापरलं नाही. “ते उन्हात सुटते.” शेवटी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधला आणि मुलीच्या हातावर ठेवला. आम्ही घाईत ट्यूब बदलली असती तर तो काटा आतच राहिला असता. हवा भरायला त्याचा पंप बसेना, तेव्हा आमचा छोटा पंप दिला; त्यानं तो न्याहाळून परत केला आणि म्हणाला, याच्यानं पोट्टे खेळतील.

शिवनी बांधच्या तलावावर जायचं ठरलं नव्हतं. वाटेत मासे नेणारा एक माणूस भेटला. सायकलच्या कॅरिअरला ॲल्युमिनियमचा डबा, हँडलला जाळं गुंडाळलेलं. त्याच्या सायकलीला मडगार्ड नव्हतं, घंटी नव्हती, चेनकव्हर नव्हतं, आणि आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा तो वेगात होता. तो म्हणाला, तलाव बघायचा तर आत्ता बघा, शिंगाडे निघताहेत. शिंगाडे म्हटल्यावर विषय संपला.

पूर्व विदर्भातल्या तलावांविषयी आपल्याकडे दोन ओळींत सांगायची पद्धत आहे : भंडारा हा तलावांचा जिल्हा. पाळीवर उभं राहिलं की मग कळतं, हे निसर्गाचं देणं नव्हे, माणसांचं काम आहे. दोन टेकड्यांमधली खोलगट जागा हेरायची, तिच्या तोंडाशी मातीची पाळ घालायची, जास्तीचं पाणी बाजूच्या खडकावरून निघून जाईल असा सांडवा ठेवायचा, आणि पाळीखालच्या बांध्यांना पाट काढायचे. दगडी बांधकाम नावालाच. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी असे तलाव बांधले. चांद्याच्या राजानं त्यांना काशीकडून आणलं, असं सांगतात. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन, असा व्यवहार होता. नवेगाव, सिरेगाव आणि ही शिवनी, हे त्यांचे मोठे तलाव. पुढं भोसल्यांच्या आणि इंग्रजांच्या काळात मालगुजार आले, तलाव त्यांच्या ताब्यात गेले, पण दुरुस्ती होत राहिली, कारण पाणी आटलं तर सारा कुठून येणार? १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात मामा तलाव. असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव पूर्व विदर्भात आहेत. मालक बदलला आणि पाळीवर माती टाकणारे हात थांबले. गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली.

मालगुजार वाईट नव्हते असं मी म्हणत नाही. पण तलावाला रोज बघणारं कुणीतरी लागतं, आणि सरकार रोज बघत नाही. ज्यांनी बघितलं ते मासेमारी करणारे ढिवर. अर्जुनी मोरगावचे मनीष राजनकर आणि त्यांचं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ढिवरांनाच विचारलं की मासे का कमी झाले. उत्तर त्यांच्याकडे तयार होतं : पाण्याखालच्या वनस्पती गेल्या, मासे अंडी कुठं घालणार? मग काही तलावांत बेशरम उपटून काढलं, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या भागाची नांगरट केली, स्थानिक पाणवनस्पती आणून लावल्या. कटला-रोहूच्या बीजावर पैसे घालण्यापेक्षा हे स्वस्त पडलं आणि मरळ, वाघूर असे इथले मासे परत दिसू लागले. सायकल क्लबाच्या राइडमध्ये हे सगळं ऐकायला कुणाला वेळ असतो, असं वाटेल. आम्हाला होता. शिंगाडे उकडायचे होते.

पाळीच्या खाली एक बाई तीन दगडांच्या चुलीवर मोठं गंज ठेवून शिंगाडे उकडत होती. तिचा नवरा पाण्यात होता. वेलाचा एक-एक गुच्छ उलटा करून खालचे शिंगाडे खुडायचा आणि वेल पुन्हा जसाच्या तसा पाण्यावर ठेवायचा. उकडलेला शिंगाडा काळपट होतो. दोन बाजूंना दोन शिंगं, टोकाला काटा. नागपुरात आम्ही सोललेले घेतो; इथं बाईनं पळसाच्या पानावर ढीग ओतला आणि बघत बसली. पहिल्याच घासाला इंजिनिअर पोराच्या ओठात काटा गेला. मग तिनंच दाखवलं : शिंगं दोन बोटांत धरायची, मधोमध दातानं चीर पाडायची आणि दाबायचं, गर अख्खा बाहेर येतो, पांढरा, पिठूळ, जरासा गोड. पाण्यावर अडई बदकांचा थवा बसला होता, पानांवरून कमळपक्षी चालत होते. दुर्बीण एकच, त्यामुळे पाळी लागल्या. कुणीच घड्याळ बघत नव्हतं, आणि तिथंच नवेगावचा बेत डळमळीत झाला.

सानगडीच्या अलीकडे शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. निळ्या-पांढऱ्या ड्रेसमधल्या मुली सायकलींवर तीन-तीनच्या आडव्या रांगेत, गप्पा मारत चालल्या होत्या. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. या सायकली त्यातल्या की घरच्या, मी विचारलं नाही. पण सायकल आली म्हणून एखाद्या मुलीची नववी सुटली नाही, असं या भागातले मास्तर लोक सहज सांगतात. आमचा जथा दिसताच एकीनं मागं वळून पाहिलं, दुसरीला काहीतरी सांगितलं आणि दोघी सुटल्या. दप्तर पाठीवर, एक गिअर नाही. आमचे ब्रेव्हेवाले दोघे वर्षाचा नियम विसरून मागं लागले. अर्ध्या किलोमीटरवर मुली एका फाट्यावर वळून हसत गावात शिरल्या, आणि हे दोघे धापा टाकत उभे. अशा राइडमध्ये शर्यत नको म्हणतात ती एवढ्यासाठीच.

सानगडीचा किल्ला म्हणजे गावाला लागून असलेली एक बुटकी टेकडी. भोसल्यांच्या काळातला. रायगड-राजगड पाहिलेल्याला इथं बघायला फार काही नाही : ढासळलेले बुरूज, तटाचे तुकडे, दगडांत मुळं घुसवलेली झाडं. एखादा साधा माहितीफलकही माणसांना पुष्कळ उपयोगी पडला असता. पण वर चढल्यावर सगळा मुलूख दिसतो. धानाच्या बांध्या, मधे पाणी, कडेला जंगल. हा किल्ला शत्रूपेक्षा धान्याच्या रखवालीसाठी असावा, असं बँकवाल्या काकांचं मत. त्याला आधार काही नाही, पण बघितल्यावर पटतं.

जेवणाची सोय काकांच्या जुन्या ओळखीच्या घरी होती. ओसरीवर पंगत बसली. सुवाऱ्या, लाखोरीच्या डाळीचे वडे, कोचईच्या पानांची वडी आणि वांग्याची भाजी. तिखट इतकं की नागपूरच्या सावजीवाल्यांनी नोंद घ्यावी. वाढणाऱ्या मावशी सारखं म्हणत होत्या, “घ्या ना जी, सायकल चालवाची आहे.” गावात मंडईची गडबड होती. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते, आणि तारखा अशा लागतात की शेजारच्या गावाशी गाठ पडू नये. पाहुण्यांना दोन्हीकडे जाता यावं. दिवसा दंडार, रात्री नाटक. चौकात नाटकाचं भलंमोठं पोस्टर लागलं होतं, कलावंतांचे चेहरे, खाली वडसा इथल्या मंडळाचं नाव. झाडीपट्टीची, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या पट्ट्याची रंगभूमी वडशाहूनच चालते; हंगामात एकेक मंडळी रोज वेगळ्या गावात प्रयोग लावते, दहाला पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांना ती असल्याचं कळलं. मावशींनी आग्रह केला, रात्री राहा, नाटक पाहून जा. डॉक्टरीणबाईंचे पेशंट आडवे आले.

जेवणानंतर भांडण झालं. बारीक, पण झालं. तरुणांचं म्हणणं, नवेगाव बांध आता जवळ आलाय, जाऊन येऊ. एवढं आलो आणि कोलू पाटलानं बांधलेला तो तलाव न बघता परतायचं? ज्या बांधणाऱ्याला लोकांनी पुढं कोलासूर म्हणून देव केलं, ज्या पाण्याकाठी मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले आणि लिहिते झाले, ते पाणी! चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांच्यासाठी तरी जायला हवं, असं एकजण म्हणाला. मुद्दा बिनतोड होता. पण सर्वांत मागं असणाऱ्या शाळेतल्या बाई ओसरीच्या खांबाला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, आणि नियम त्यांचा होता. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, “तुम्ही जा, मी इथं झोपते.” कुणी गेलं नाही. नवेगाव हा स्वतंत्र दिवस देण्याचा तलाव आहे. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यापासून तो दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नव्हे, पण जेवणानंतर उरकून टाकायची ती जागा नाही.

परतीचं ऊन पाठीवर नव्हतं, डाव्या अंगाला होतं. सकाळी ज्या बांध्यांत बाया पेंढ्या बांधत होत्या त्या रिकाम्या झाल्या होत्या, भारे डोक्यावरून खळ्याकडे चालले होते. पंक्चरवाल्या मिस्त्रीनं हात करून विचारलं, टिकलं का? टिकलं होतं. साकोलीला टेम्पोत सायकली चढवताना एकानं हँडलवरचं यंत्र झाकणारी पट्टी काढली आणि आकडा वाचून दाखवला. इतका कमी की त्यानं तो कुठं नोंदवला नाही.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतरचे तीन-चार आठवडे धरा. सायकल कुठलीही चालेल, गिअर लागत नाहीत, चढ नाहीतच. ट्यूब बरोबर ठेवा, पण पंक्चर मिस्त्रीकडून काढून घ्या आणि त्याला पैसे मोजून द्या, तो कमीच मागेल. मंडईची तारीख विचारून गेलात आणि रात्री राहण्याची तयारी ठेवलीत तर नाटक पदरात पडेल. आणि रस्त्यावर धान वाळत घातलेला दिसला की उतरा आणि सायकल हातात धरून कडेनं न्या. चाकाखाली धान चिरडला तर गिरणीत त्याची कणी होते, आणि कणीला भाव मिळत नाही.